रमजान महिन्यात घडलेल्या ऐतिहासिक घटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमजान जवळ आला की "या महिन्यात घडलेल्या घटनांची यादी" फोनवर फिरू लागते. तिच्यातलं बरंचसं खरं असतं, काही चुकीचं असतं, आणि आपल्या पुण्यात घडलेली एक मोठी घटना तर बहुतेक याद्यांत नसतेच. वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रमजान दर वर्षी वेगळ्या ऋतूत का येतो?

हिजरी वर्ष पूर्णपणे चंद्रावर चालतं. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं होतं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच आहेत, पण आपण सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे नववा महिना रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. इतिहास वाचताना याचा उपयोग होतो. एखादी लढाई रमजानमध्ये झाली एवढ्यावरून हवामान कळत नाही. सामूगढची लढाई रमजानमधली आणि मक्काविजयही रमजानमधला, पण पहिली आग्र्याच्या भर उन्हाळ्यातली आणि दुसरा जानेवारीतला.

२. हा महिना पवित्र का मानतात? रोजे केव्हापासून आहेत?

कुराणाचं अवतरण या महिन्यात सुरू झालं, असं कुराणातच म्हटलं आहे (सूरह बकरा, आयत १८५). मक्केजवळच्या जबल-ए-नूर या डोंगरावरील हिरा गुहेत पैगंबर मुहंमद यांना पहिला साक्षात्कार झाला. ते साल इसवी सन ६१० मानलं जातं. ती रात्र म्हणजे शब-ए-कद्र. ती रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींतल्या विषम रात्रींत शोधावी अशी शिकवण आहे. आपल्याकडे बहुतेक मशिदींत २७वी रात्र जागवतात.

रोजे फर्ज (बंधनकारक) झाले ते हिजरी २ मध्ये, म्हणजे ६२४ च्या सुरुवातीला, मदिनेत. पुढच्या उत्तरांसाठी हे साल लक्षात ठेवावं, कारण रोज्याचा पहिलाच महिना आणि इस्लामची पहिली मोठी लढाई एकाच वेळी आली.

३. बद्रची लढाई का महत्त्वाची मानतात?

१७ रमजान हिजरी २, मार्च ६२४. मदिनेच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर बद्र नावाच्या विहिरींच्या जागी ही लढाई झाली. परंपरेनुसार मुसलमान ३१३ च्या आसपास होते, त्यांच्याकडे दोन घोडे आणि सत्तर उंट. समोर मक्केच्या कुरैशांची सुमारे हजार माणसं. मुळात मुसलमान निघाले होते ते कुरैशांचा पुढारी अबू सुफियान याच्या व्यापारी काफिल्याच्या मागावर. काफिला वाट बदलून निसटला आणि गाठ पडली ती त्याच्या रक्षणाला आलेल्या फौजेशी. मुसलमानांचे १४ जण पडले, कुरैशांचे सत्तरेक मारले गेले आणि तितकेच कैद झाले. मक्केतला कडवा विरोधक अबू जहल याच लढाईत पडला.

मला या घटनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट लढाईनंतरची वाटते. कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होतं पण खंडणी भरणं शक्य नव्हतं, त्यांना मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून देण्याच्या बदल्यात सोडण्यात आलं, असं परंपरा सांगते.

४. मक्का रमजानमध्येच जिंकली गेली का? तिथे कत्तल झाली का?

हो, रमजान हिजरी ८ मध्ये, जानेवारी ६३० मध्ये. दिवस बहुतेक जण २० रमजान धरतात. ६२८ मध्ये हुदैबिया इथे दहा वर्षांचा तह झाला होता. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या मित्र टोळीवर हल्ला केला आणि तो तह मोडला. पैगंबर सुमारे दहा हजार माणसांनिशी मक्केत आले. एका बाजूला किरकोळ चकमक झाली, बाकी शहर जवळजवळ बिनप्रतिकार ताब्यात आलं. जो आपल्या घराचं दार लावून आत बसेल तो सुरक्षित, जो अबू सुफियानच्या घरात जाईल तो सुरक्षित, अशी दवंडी होती. मोजकी नावं वगळता सर्वांना माफी मिळाली. काबागृहाभोवतीच्या ३६० मूर्ती हटवल्या गेल्या, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत) येतं.

५. रोजा धरून लढाई कशी करायचे? रोजा मोडायची मुभा होती का?

होती आणि आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा सोडावा आणि नंतर तेवढे दिवस भरून काढावेत, हे कुराणातच आहे (सूरह बकरा, आयत १८४-१८५). मक्केच्या वाटेवरचा एक प्रसंग हदीसमध्ये फार जवळून दिसतो. लोक रोज्याने दमले होते, पण पैगंबर स्वतः रोजा धरून आहेत म्हणून कुणी सोडत नव्हतं. तेव्हा अस्रच्या नमाजानंतर त्यांनी पाण्याचा पेला मागवला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि प्यायले.

पुढे १३०३ च्या एप्रिलमध्ये दमास्कसजवळ शकहब इथे मामलुक (इजिप्तचे राज्यकर्ते) आणि मंगोल यांची लढाई झाली, रमजान ७०२ च्या पहिल्याच आठवड्यात. तेव्हा इब्न तैमिया या धर्मशास्त्र्याने सैनिकांना रोजा सोडण्याचा फतवा दिला. एवढ्यावर न थांबता तो हातात खाणं घेऊन त्यांच्यामध्ये फिरला आणि त्यांच्यासमोर खाल्लं. विसाव्या शतकातलं उदाहरण प्रश्न १४ मध्ये आहे.

६. हजरत अली यांची शहादत कोणत्या तारखेची?

१९ रमजान हिजरी ४० च्या पहाटे कूफा शहराच्या मशिदीत इब्न मुल्जम नावाच्या खारिजी (अलींपासून फुटलेल्या गटातल्या) माणसाने विषारी तलवारीने त्यांच्यावर वार केला. दोन दिवसांनी, २१ रमजानला (जानेवारी ६६१ च्या अखेरीस) ते गेले. शिया समाज हे दिवस शोकाचे पाळतो. मुंबईत डोंगरीच्या बाजूला या रात्रींना मजलिस होतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा यांचं निधन १० रमजानला (हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्याच्या, आधी) आणि हजरत आयशा यांचं १७ रमजान हिजरी ५८ ला झालं, असं परंपरा मानते.

करबला मात्र रमजानमधलं नाही. ती १० मोहरम हिजरी ६१ ची घटना आहे.

७. स्पेन आणि सिंध दोन्ही रमजानमध्ये जिंकले, हे खरं का?

अर्धं खरं. मुसलमान सेनापती तारिक बिन झियाद जिब्राल्टरला उतरला तो एप्रिल ७११ मध्ये. तो रजब महिना होता. स्पेनचा राजा रॉडरिक याच्याशी निर्णायक लढाई जुलैत झाली, ती २८ रमजान हिजरी ९२ ला सुरू झाली असं अरबी इतिहासकार सांगतात. उतरणं आणि लढाई या दोन घटना फॉरवर्डमध्ये एकच होऊन जातात.

सिंधचा राजा दाहिर मुहंमद बिन कासिमशी लढताना पडला, ती तारीख 'चचनामा' या फारसी ग्रंथात १० रमजान हिजरी ९३ (जून ७१२) अशी आहे. तो ग्रंथ घटनेनंतर पाच शतकांनी फारसीत उतरलेला असल्याने त्यातल्या संवादांवर फार विसंबू नये. सिंधची मोहीम त्या एका दिवसात संपलीही नाही. मुलतान पुढे घेतलं गेलं.

८. ऐन जालूतच्या लढाईत नेमकं काय झालं?

२५ रमजान ६५८, म्हणजे ३ सप्टेंबर १२६०. दोनच वर्षांपूर्वी हुलागूखानाने बगदाद उद्ध्वस्त करून खलिफाला ठार केलं होतं. दमास्कस आणि अलेप्पोही पडले होते, आता पाळी इजिप्तची होती. मंगोलांचे दूत शरणागतीचं पत्र घेऊन कैरोला आले आणि मामलुक सुलतान कुतुझने त्यांना मारून टाकलं. तेवढ्यात थोरला खान मोंगके मेल्यामुळे हुलागू मोठी फौज घेऊन मागे फिरला होता. सीरियात उरला तो सेनापती कितबुका.

पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूतच्या खोऱ्यात कुतुझचा सेनापती बैबर्स याने माघारीची हूल देऊन मंगोलांना डोंगरांमध्ये ओढून आणलं. डावी बगल कोसळायला लागली तेव्हा कुतुझने शिरस्त्राण फेकून दिलं आणि "वा इस्लामाह!" अशी हाक देत स्वतः आत घुसला. कितबुका मारला गेला आणि मंगोलांची आगेकूच तिथेच थांबली. कुतुझला विजयाचं सुख काही लाभलं नाही. कैरोला परतताना वाटेतच त्याचा खून झाला आणि बैबर्स सुलतान झाला. त्याच बैबर्सने पुढे मे १२६८ मध्ये, पुन्हा रमजानमध्येच, क्रुसेडरांकडून अंताकिया घेतलं.

९. शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला ती रात्र रमजानची होती?

होय. ही घटना रमजानच्या यादीत नसणं हे आपलंच दुर्लक्ष आहे. ५ एप्रिल १६६३ (जुनी इंग्रजी गणना, प्रश्न १७ पाहा), चैत्र शुद्ध अष्टमी शके १५८५, म्हणजे रमजान १०७३ चा पहिला आठवडा संपत आला होता.

शाहिस्तेखान हा औरंगजेबाचा मामा. तो मे १६६० पासून पुण्यात होता आणि महाराजांचं बालपण ज्या लाल महालात गेलं तिथेच उतरला होता. चैत्रातला दिवसभराचा कडक रोजा, संध्याकाळी इफ्तार, पोटभर जेवण, मग झोप. छावणीचा मोठा भाग गाढ झोपलेला असणार. जागे होते ते मुदपाकखान्यातले आचारी. पहाटेच्या सहरीसाठी चुली पेटवायला त्यांना लवकर उठावं लागे. महाराज निवडक माणसांसह शिरले ते याच बाजूने. फारसी इतिहासकार खाफीखान सांगतो की मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामध्ये विटा-मातीने बुजवलेली एक खिडकी होती. आचाऱ्यांना आवाज न होऊ देता संपवलं गेलं आणि ती खिडकी फोडली गेली. पुढे अंधारात जो गोंधळ झाला, त्यात खानाची बोटं तुटली आणि त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. काही जण नगारखान्यात घुसले आणि त्यांनी नगारे वाजवायला लावले, म्हणजे कुणाचा हुकूम कुणाला ऐकूच जाऊ नये. सगळी छावणी उठेपर्यंत महाराज बाहेर पडले होते. औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालला केली.

चंद्राचाही विचार करा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे आधीच्या प्रहरात पुण्यापर्यंत पोचायला उजेड आणि नंतर पूर्ण अंधार. माझ्या मते हे सगळं हिशेबात धरलेलं होतं. महाराजांच्या स्वतःच्या सेवेत नूरबेग, सिद्दी हिलाल यांच्यासारखे मुसलमान सरदार होते. रमजानमध्ये छावणी केव्हा जेवते, केव्हा निजते आणि चुली केव्हा पेटतात, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

१०. मग तानाजींचा सिंहगडही रमजानमधलाच का?

हिशेब तसाच लागतो. सिंहगड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० ला, माघ वद्य नवमी शके १५९१. रमजान १०८० चालला १३ जानेवारी ते ११ फेब्रुवारी १६७० असा. तेव्हा ती रात्र रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत येते. फरक एवढाच की किल्लेदार उदेभान राठोड रजपूत होता. लाल महालात रोज्याच्या दिनक्रमाने जे काम केलं ते इथे केलं असं म्हणायला आधार नाही. सिंहगड घेतला तो कड्यावरून चढून आणि समोरासमोर झुंजून.

याच रमजानमध्ये औरंगजेबाने मथुरेचं केशवदेव मंदिर पाडण्याचा हुकूम दिला, अशी 'मासिर-इ-आलमगिरी' या दरबारी बखरीत नोंद आहे.

११. औरंगजेबाचा रमजानशी काही विशेष संबंध आहे का?

आहे आणि तो राजकीय आहे. गादीसाठी भावाभावांत झालेल्या युद्धातली निर्णायक लढाई आग्र्याजवळ सामूगढला झाली. २९ मे १६५८, ७ रमजान १०६८. दारा शुकोहची फौज दोन दिवस उन्हात चिलखतं घालून उभी होती. बरीचशी माणसं आणि जनावरं तहानेनेच खचली. दाराने हत्तीवरून उतरून घोडा घेतला. अंबारी रिकामी दिसताच तो पडला असं समजून सैन्य फुटलं. त्याच महिन्यात आग्र्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती आला आणि शहाजहान कैदेत पडला.

दुसरा, मोठ्या थाटाचा राज्याभिषेक दिल्लीत झाला तोही रमजानमध्ये, २४ रमजान १०६९ (५ जून १६५९). पुढे कारकिर्दीची वर्षं १ रमजानपासून मोजण्याचा हुकूम निघाला. म्हणून दरबारी कागदांत "जुलूस १३" असं दिसलं की ते वर्ष रमजानपासून रमजानपर्यंतचं समजावं.

१२. १८५७ चा उठाव रमजानमध्ये सुरू झाला का?

हो. रविवार १० मे १८५७ ला मेरठची पलटण उठली, तेव्हा रमजान १२७३ चा मध्य होता. आदल्या दिवशी तिसऱ्या घोडदळातल्या ८५ शिपायांना सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या होत्या. ११ मेच्या सकाळी स्वार नावांच्या पुलावरून यमुना ओलांडून लाल किल्ल्याच्या झरोक्याखाली येऊन बादशहाला हाका मारू लागले. बहादूरशाह जफर तेव्हा ऐंशीच्या घरात होते. वैशाखातला उन्हाळा, रोज्याचे दिवस, आणि शहराचा ताबा अचानक शिपायांकडे. ईद आली २५ मेला, शहर बंडवाल्यांच्या हातात असताना. कानपूर आणि झाशी इथला उठाव जूनमधला, म्हणजे ईदनंतरचा.

१३. १५ ऑगस्ट १९४७ ला रमजान होता हे खरं का? पाकिस्तान मग १४ ऑगस्ट का पाळतं?

खरं आहे. १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार, हा २७ रमजान १३६६ होता आणि त्या रमजानचा शेवटचा शुक्रवार, म्हणजे जुमातुल विदा. आदली रात्र २७वी, शब-ए-कद्रची. दिल्लीत मध्यरात्री संविधान सभा भरली होती तेव्हा मशिदींतून लोक रात्र जागवत होते. जिना यांनी १५ तारखेच्या भाषणात या शुक्रवारचा उल्लेख केला होता.

पाकिस्तानच्या संविधान सभेसमोर माउंटबॅटन यांचं भाषण १४ ऑगस्टला कराचीत झालं, कारण त्यांना त्या मध्यरात्री दिल्लीत असणं भाग होतं. कायद्याने दोन्ही देश १५ ऑगस्टलाच अस्तित्वात आले. पाकिस्तानच्या जुलै १९४८ च्या पहिल्या तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ छापलं आहे. १४ तारीख नंतर रूढ झाली.

रॅडक्लिफ यांची सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, आणि १८ ऑगस्टला ईद होती. आपलं गाव कोणत्या देशात पडलं हे पंजाबातल्या आणि बंगालातल्या लक्षावधी कुटुंबांना ईदच्या आदल्या दिवशी कळलं. ती ईद कित्येकांनी वाटेवर किंवा छावणीत काढली. माझ्या लेखी या यादीतली सगळ्यात जड तारीख हीच.

१४. १९७३ च्या युद्धाला 'रमजान युद्ध' का म्हणतात?

इजिप्त आणि सीरियाने ६ ऑक्टोबर १९७३ ला दुपारी दोनच्या सुमारास इस्रायलवर हल्ला केला. तिथे तो दिवस १० रमजान १३९३ होता. ज्यूंचा उपवासाचा सर्वांत पवित्र दिवस योम किप्पूरही त्याच दिवशी होता. त्यामुळे अरब लोक याला रमजान युद्ध म्हणतात आणि इस्रायली योम किप्पूर युद्ध. इजिप्तच्या मोहिमेचं नाव होतं 'बद्र' (प्रश्न ३). धर्मगुरूंनी रोजा सोडायची मुभा दिली होती, तरी अनेक सैनिकांनी तो धरूनच सुएझ ओलांडला.

कालव्याच्या पलीकडे इस्रायलने वाळूचा प्रचंड उंच बांध घातला होता. तो सुरुंगाने किंवा तोफांनी फुटेना. बाकी झाकी यूसुफ या अभियंता अधिकाऱ्याने सुचवलं की कालव्याचंच पाणी पंपाने जोरात मारून बांध धुऊन काढावा. आस्वान धरणाच्या कामावर त्याने हे तंत्र पाहिलं होतं. काही तासांत बांधाला खिंडारं पडली आणि पूल टाकले गेले. हा अधिकारी कॉप्टिक ख्रिस्ती होता. रमजान युद्धातली सर्वांत कल्पक युक्ती एका ख्रिस्ती इजिप्शियनाची, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. पुढे इस्रायलने उलट कालवा ओलांडून इजिप्तच्या तिसऱ्या सैन्याला वेढा घातला, हेही त्याच युद्धात झालं. कैरोजवळ 'दहावा रमजान' नावाचं शहर या दिवसावरून वसवलं आहे.

१५. रमजानमध्ये मुसलमानांचा कायम विजयच झाला, असं म्हणतात. पटत नाही.

पटू नयेच. व्हिएन्नाचा वेढा मोडला तो १२ सप्टेंबर १६८३ ला, २० रमजान १०९४. पोलंडचा राजा यान सोबिएस्की घोडदळ घेऊन डोंगरावरून उतरला आणि तुर्कांची छावणी उधळली गेली. वजीर कारा मुस्तफाला सुलतानाच्या हुकमाने त्याच डिसेंबरात बेलग्रेडला गळफास दिला गेला. फ्रान्समध्ये तूर-पॉइतिएची लढाई अरबी इतिहासकार रमजान ११४ मध्ये (७३२) ठेवतात. तिथे सेनापती अब्दुर्रहमान गाफिकी पडला. सामूगढला तर दोन्ही बाजूंना रोजेदार होते. जुलै १९८२ मध्ये इराणने इराकवर बसऱ्याजवळ केलेल्या मोठ्या हल्ल्याचं नावच 'ऑपरेशन रमजान' होतं, आणि तोही फसला.

१६. लढाया सोडून दुसरं काही घडलं नाही का?

घडलं, आणि तेच कमी सांगितलं जातं. कैरोच्या अल-अझहर मशिदीत पहिला नमाज ७ रमजान ३६१ ला (जून ९७२) झाला. तिथलं विद्यापीठ आजही चालू आहे. वैद्यकशास्त्राचा मोठा पंडित इब्न सिना हमदानमध्ये वारला तो रमजान ४२८ मध्ये (जून १०३७). इतिहास कसा लिहावा याचा मुळापासून विचार करणारा इब्न खल्दून १ रमजान ७३२ ला ट्युनिसमध्ये जन्मला आणि कैरोत वारला तोही रमजानमध्येच (मार्च १४०६).

मदिनेची मस्जिद-ए-नबवी दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा रमजानमध्ये. १२५६ मध्ये पहिल्याच रात्री दिव्याने पेट घेतला, आणि १४८१ मध्ये १३ रमजानला मिनारावर वीज पडली. दुसऱ्या आगीनंतर मामलुक सुलतान कायतबाईने ती पुन्हा बांधून घेतली.

आणि बाबर. त्याच्या आत्मचरित्राची सुरुवातच रमजान ८९९ ने (जून १४९४) होते: त्या महिन्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, तो फरगण्याचा राजा झाला. त्याचा बाप कबुतरखान्यासकट कड्यावरून कोसळून मेला होता. पुढे हिंदुस्थानात आल्यावर तो लिहितो की अकराव्या वर्षापासून मी लागोपाठ दोन वर्षं रमजानची ईद एका जागी केली नाही. गेल्या वर्षीची आग्र्याला झाली, तेव्हा हा नेम मोडू नये म्हणून यंदा महिना संपता संपता सिक्रीला निघून गेलो. त्याची सगळी भटकंती त्या दोन-तीन ओळींत आली आहे.

१७. एकाच घटनेच्या दोन-तीन तारखा का दिसतात?

कारणं चार. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्रीची घटना एका दिवसाने पुढे जाते. महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, आणि कैरोला दिसलेला चंद्र पुण्याला त्याच संध्याकाळी दिसेलच असं नाही. तिसरं, हिजरी १० पर्यंत अरबस्तानात महिने पुढे ढकलण्याची जुनी चाल होती, म्हणून बद्रसारख्या अगदी सुरुवातीच्या घटनांची इंग्रजी तारीख अंदाजे असते. चौथं म्हणजे इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या तारखा आपल्याकडे बहुधा जुन्या गणनेने छापतात आणि सतराव्या शतकात दोन गणनांत दहा दिवसांचा फरक आहे. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० नव्या गणनेने १ मार्च होते, तसाच लाल महालाचा ५ एप्रिल हा १५ एप्रिल होतो. संगणकावर तारीख बदलून पाहणारे बरेच जण इथेच अडखळतात.

१८. मोडी कागदावर "छ ६ रमजान" असं असतं. त्याचा अर्थ काय?

'छ' म्हणजे चंद्र. त्या महिन्याच्या चंद्राचा सहावा दिवस. मराठी राज्याच्या कारभारात मुसलमानी महिने सर्रास वापरले जात: रबिलावल, जमादिलाखर, साबान, रमजान, सवाल, जिल्हेज. वर्ष मात्र बहुधा हिजरी नसतं, सुहूर सन असतं. ते मृग नक्षत्राला बदलतं आणि आकडा अरबी शब्दांत लिहितात. "सलास सितैन व अलफ" म्हणजे तीन, साठ आणि हजार, १०६३. त्यात मृगानंतर ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. लाल महालाचा छापा याच १०६३ मध्ये येतो. सुहूर १०६३ आणि हिजरी १०७३ एकच समजून दहा वर्षांची चूक करू नये.

१९. फॉरवर्डमधली तारीख घरच्या घरी तपासता येते का?

बऱ्यापैकी. आधी साल: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १०७३ साठी १६६२.८ येतं, म्हणजे १६६२-६३. मग महिना आणि दिवस. हिंदुस्थानातल्या घटनेची तिथी माहीत असेल तर शुद्ध प्रतिपदेपासून सलग मोजा आणि दोन वजा करा, कारण अमावस्येनंतर चंद्रकोर दिसून पहिला रोजा साधारण तृतीयेला पडतो. शुद्ध अष्टमी, आठातून दोन गेले, सहा रमजान: लाल महाल. १५ ऑगस्ट १९४७ ला कृष्ण चतुर्दशी, म्हणजे एकोणतिसावी तिथी. दोन वजा केले की सत्तावीस. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तो चालेल. पंधरवडाच चुकत असेल तर तारीख खोटी.

२०. हत्तीन, जेरुसलेम, कॉन्स्टॅन्टिनोपल, पानिपत: यांतलं काय रमजानमधलं?

एकही नाही. हत्तीनची लढाई ४ जुलै ११८७ ची, महिना रबिलाखर. सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं २ ऑक्टोबर ११८७ ला, २७ रजबला. 'सत्तावीस' या आकड्यामुळे पुष्कळांनी ते रमजानात नेऊन ठेवलं असावं. कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं २९ मे १४५३ ला, जमादिलावलमध्ये. पानिपतची पहिली लढाई रजबमधली, दुसरी मोहरममधली आणि आपली, १४ जानेवारी १७६१ ची, जमादिलाखरमधली. भाऊसाहेबांची फौज उपाशी होती ती अब्दालीने रसद तोडल्यामुळे.

२१. एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान येऊ शकतात का?

येतात. १९६५ मध्ये जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा सुरू झाला होता. यापुढे २०३० मध्ये तसं होईल: रमजान १४५१ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि रमजान १४५२ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. अशा वर्षातली घटना नोंदवताना नुसतं "रमजान २०३०" लिहू नये, हिजरी सालही लिहावं.